तेरवीच्या पत्रिकेतले वारस

आमच्या धंद्यात माणूस गेल्याचं कळलं की पहिला प्रश्न असतो, "कोणत्या तारखेला?" कशानं गेला, त्रास झाला का, घरी कोण कोण, हे सगळं नंतर. मी दिग्रसला एका वकिलांकडे कारकुनी करते, एकवीस वर्षं झाली. आता ही सवय इतकी अंगात मुरली आहे की नात्यातल्या एका मयतीला मी तोच प्रश्न विचारला आणि बायका माझ्याकडे पाहतच राहिल्या.

तारीख विचारायचं कारण असं. दिवाणी दाव्यात ज्याच्यावर दावा केला तो प्रतिवादी मेला तर दावा संपत नाही. लोकांना वाटतं संपतो. दावा करणाऱ्यानं, म्हणजे वादीनं, मरणाच्या तारखेपासून नव्वद दिवसांत मयताच्या वारसांची नावं दाव्यात घालायची, की दावा त्यांच्यावर पुढे चालू. नाही घातली तर दावा आपोआप बाद होतो. मग उशीर माफ करा म्हणून अर्ज करा, हात जोडा, विरुद्ध बाजूच्या वकिलाचं गालातलं हसू सोसा. म्हणून आमच्या ऑफिसात मयताची तारीख कॅलेंडरवर लिहितात आणि तिथून दिवस मोजतात. हे मोजायचं काम माझं.

तर आमच्या एका दाव्यातले वादी होते रिटायर कंडक्टर. त्यांना मी काका म्हणते. उभी हयात एस.टी.त गेलेली, त्यामुळे आवाज असा की ते जिना चढायला लागले की खालचा झेरॉक्सवाला आपला पंखा बारीक करून ऐकत बसे. तारखांच्या चिठ्ठ्या ते जुन्या चामड्याच्या तिकीट-बॅगेत ठेवत. कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी झाली की सवयीनं ओरडत, "चला, पुढे सरका, मागे जागा हाय!" एकदा शिपायानं दटावलं, तर त्यालाच म्हणाले, "तुमी बी सरका नं, साहेब."

काकांचं साडेचार एकर वावर गावाच्या आतल्या अंगाला आहे. तिथे जायला बंडीपुरती एकच वाट, आणि ती शेजारच्या म्हाताऱ्याच्या वावरातून जाते. काकांच्या बापापासून त्या वाटेनं बैलबंडी जात होती. काका रिटायर होऊन गावी आले आणि त्याच वर्षी म्हाताऱ्यानं वाटेवर काटेरी तार ओढली. तेव्हापासून कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन नाल्यातून यायचं. काकूंचा पाय नाल्यात मुरगळला तो अजून सुजतो. काकांना नुकसानभरपाई नको होती, माफी नको होती. पहिल्या दिवशी त्यांनी वकीलसाहेबांना सांगितलं, "माही बंडी माह्या वावरात गेली पाह्यजे. बस्स. मंग म्या डोळे मिटाले मोकळा."

म्हाताऱ्यानं तार का ओढली? दाव्यात लिहिलं आहे की हेतुपुरस्सर त्रास देण्यासाठी. खरं कारण दाव्यात कसं लिहिणार? पंचवीस वर्षांपूर्वी काकांनी त्याच्या बोकडाचं तिकीट फाडलं होतं. गावचा माणूस, धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागलेला, आणि भरल्या बसमध्ये बोकडाचं तिकीट! म्हाताऱ्यानं ते मनात धरून ठेवलं आणि रिटायरमेंटची वाट पाहिली. मला तर त्याचं कौतुकच वाटतं. इतका धीर माझ्यात असता तर मी कुठच्या कुठे गेले असते.

दोघं एकाच गावचे, एकाच बसनं यायचे, बसमध्ये एक पुढे बसायचा एक मागे. पुढची तारीख पडली की म्हातारा कोर्टाचा जिना उतरता उतरता म्हणायचा, "मी मेलो का मिटन हे केस." साक्षीपुरावे झाले, फक्त युक्तिवाद राहिला, आणि म्हातारा खरंच गेला.

बातमी काकाच घेऊन आले, तेही तेरवी जेवून. जेवूनच नाही, वाढून.

"काका, तुम्ही वाढायला गेलते?" मी विचारलं.

"मंग? पंगतीले माणूस कमी होता. म्या बुंदी वाढली. मेल्यावर कायचं वैर, बाई?" असं म्हणत त्यांनी बॅगेतून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "हे घ्या तुमचे वारस. छापीलच हायेत."

ती तेरवीची पत्रिका होती. आमच्याकडे तेराव्याच्या जेवणाची पत्रिका छापतात. वर मयताचा फोटो, त्याला हार, मधे दोन ओळी दुःखाच्या, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची रांग. या पत्रिकेत अकरा नावं होती. आणि इथे मी माझी हुशारी दाखवली. नवखी कारकून असती तर अकराच्या अकरा टाइप करून मोकळी झाली असती. मी पेन काढलं आणि चार पुतणे खोडले. मुलं जिवंत असताना पुतणे कशाचे वारस? नातू खोडले. एक साळा होता, तो तर खोडताना मला हसूच आलं. उरली दोन मुलं. मग मी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. "म्हाताऱ्याची बायको आहे नं?"

"हाव, हाय नं. तिचं नाव नाही का?"

"पत्रिकेत नसतं. कायद्यात असतं," मी ऐटीत म्हणाले. "आणखी कोणी?"

काकांनी छताकडे पाहिलं, जसं काही तिथे म्हाताऱ्याचं घर टांगलेलं होतं. "बस्स. इतकेच."

अर्ज झाला, वकीलसाहेबांनी पाहून सही केली, कोर्टात लागला. म्हाताऱ्याच्या मुलांचे वकील उठले आणि लिहून दिलं, हरकत नाही. तेव्हाच माझ्या कानात घंटा वाजायला पाहिजे होती. हा माणूस चहात साखर कमी पडली तरी हरकत घेतो. पण मी खूश. अर्ज मंजूर झाला आणि मूळ दाव्यात दुरुस्ती करायला मीच बसले. ही दुरुस्ती लाल शाईनं करायची असते. प्रतिवादीच्या नावावर 'मयत' लिहायचं, खाली वारस लिहायचे, एक-अ, एक-ब, एक-क, आणि बाजूला 'दुरुस्ती केली' म्हणून वकिलाची सही आणि तारीख. माझं अक्षर चांगलं आहे, लाल शाईत तर फारच छान दिसतं. मग बेलीफ समन्स घेऊन गावात गेला. काका निश्चिंत. मीही निश्चिंत, कॅलेंडरवरचे दिवस मोजणं मी बंदच केलं.

त्यानंतर एके दिवशी दुपारी ऑफिसात एक बाई आली. चाळिशीची असेल. घाटंजीवरून बस बदलत आलेली, चेहरा धुळीनं भरलेला, आणि गळ्यात कपडे मापायचा टेप तसाच राहिलेला. तिच्या लक्षातही नव्हतं. तिनं पाणी मागितलं नाही, बसलीही नाही.

"वारसाचे कागद तुमीच बनोता का?"

"हो. काय झालं?"

तिनं पिशवीतून समन्सची प्रत काढली आणि माझ्या लाल अक्षरावर बोट ठेवलं. "हे माही माय. हा मोठा भाऊ. हा लहान. मी कुठी हाय?"

आमच्या धंद्यात जे कोणीही म्हटलं असतं तेच मी म्हटलं. "ताई, तुमचं नाव नाही ते चांगलंच झालं की. कोर्टाच्या भानगडीतून सुटल्या."

"भाऊबी हेच म्हणे." आता ती बसली. "आईले डोळ्याच्या डॉक्टरकडे न्याले गेलती मी. कपाटावर हा कागद पाह्यला. म्या म्हटलं, माहं नाव काहून नाही? भाऊ म्हणे, वकिलानं सांगतलं, चूप राहा, नव्वद दिवस जाऊ दे, मंग मजा पाह्य. मजा! बाप मेला अन् मजा!"

म्हणजे हरकत नव्हती ती यासाठी! नव्वद दिवस उलटले की ते उठून म्हणणार होते, मयताला एक मुलगीही आहे, तिला दाव्यात आणलं नाही, दावा बाद करा. तो बाद झाला असता की नसता यावर दोन्ही वकील पुढची पाच वर्षं भांडले असते. आणि काका बहात्तरचे. त्यांची बंडी वाटेत तशीच उभी राहिली असती, आणि ती उभी करणारी मी, चांगल्या अक्षराची!

मी कॅलेंडरकडे धावले. एक्याऐंशी दिवस झाले होते.

"ताई, तुम्ही देवासारख्या आल्या," मी म्हटलं.

"मी तुमच्यासाठी नाही आली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरून आले होते. "तेरवीच्या पत्रिकेत माहं नाव नव्हतं. त्याच्यात साळ्याचं नाव होतं, पुतण्याईचं होतं. म्या म्हटलं, जाऊ दे, छापखान्याची रीत हाय. शेवटचे चार महिने बाप माह्या घरी होता. त्याचं हागणं-मुतणं म्या काढलं. मरासाठी तेवढा गावी नेला. अन् हे कोर्टाचं कागद, याच्यातबी मी त्याची कोणी नाही? लोकाईले कोर्टात नाव नको असते. मले पाह्यजे."

तिला मी चहा पाजला, तिचं आधार कार्ड घेतलं, पत्ता घेतला, आणि तिच्यासमोरच काकांना फोन लावला. काका पुढच्याच बसनं आले. तिला पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हे तं म्हाताऱ्याची लेक!"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी ओरडलेच.

"मालूम होतं म्हणजे... लग्नात वाढाले होतो मी हिच्या."

"मग मी विचारलं तेव्हा बस्स, इतकेच, असं काहून म्हटलं?"

"मले वाटलं, लेक लग्न होऊन गेली, थे कायची वारस?" काकांचा आवाज पहिल्यांदा इतका खाली गेला की झेरॉक्सवाल्याला ऐकू आला नसेल.

"काका, बसमध्ये तिकिटं फाडताना तुम्ही डोकी मोजायचे नं? त्यात बायांची डोकी सोडून देत होते का? बोकडाचं मोजलं, अन् बाईचं सुटलं!"

ती पदर तोंडाला लावून हसली. "बोकडाचं सांगतलं यायनं तुमाले? बाप मरोस्तर तेच सांगे."

मी खूप तोऱ्यात होते त्या दिवशी. काकांना झापलं, वकीलसाहेबांनाही दोन शब्द ऐकवले, की सही करताना पाहत जा. नवा अर्ज टाइप केला. नऊ दिवस हातात, त्यात दोन रविवार आणि एक सणाची सुट्टी. अर्ज दुसऱ्याच दिवशी लागला. या वेळी त्यांच्या वकिलांनी हरकत घेतली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

घरी गेले आणि पावसाळी कपडे ठेवायच्या निमित्तानं कपाट उघडलं. खालच्या खणात बाबांचे कागद आहेत. पेन्शनचं पुस्तक, मृत्यूचा दाखला, आणि त्यांच्या तेरवीची पत्रिका. मी ती उघडून वाचली. नऊ नावं. भाऊ, चुलते, चुलतभाऊ, नातू. माझं नाही. आता यात नवल ते काय? पण मला आठवलं की छापखान्यात बसून प्रूफ मीच वाचलं होतं. कारकून ना घरातली, कागदाचं काम माझ्याकडे. त्यात एका चुलतभावाचं नाव राहिलं होतं, तो रुसेल म्हणून मी ते मुद्दाम घालायला लावलं होतं. बाबांना दवाखान्यात नेणारी मी, त्यांची शेवटची सही बँकेत जुळवून देणारी मी, आणि मला त्या यादीत माझी जागा रिकामी आहे हे दिसलंही नव्हतं. भावानं गाळलं म्हणता येईना. मीच गाळलं होतं. पत्रिका हातात घेऊन मी रडले. मग उठून कुकर लावला.

अर्ज मंजूर झाला. मी लाल पेन काढलं आणि एक-क च्या खाली एक-ड लिहिलं, तिचं नाव, वय, धंदा शिवणकाम, नातं मुलगी. इतकं हळू कधी लिहिलं नसेल.

तारखेला ती आली. माय आणि दोघं भाऊ बाकाच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, मधे काका, जणू दोन सीटच्या मधला कंडक्टर. शिपायानं पुकारा केला. आईचं नाव घेतलं, भावांची घेतली, ते गुपचूप उठले. मग तिचं नाव. पूर्ण व्हायच्या आधीच ती म्हणाली, "हाजर!" शाळेत हजेरीला पोरी म्हणतात तसं, खणखणीत. न्यायाधीश मॅडमनी मान वर केली.

मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, तडजोड होते का बघा, गावातला विषय आहे. भावांचे वकील उठायच्या आत हीच उभी राहिली आणि काकांकडे बोट केलं. "मॅडम, मी बोलू का? वाट होती. यायच्या बापाची बंडी त्या वाटेनं गावात ये. मी त्या बंडीत बसून शाळेत गेलती, पाचवीपासून आठवीपर्यंत." मग भावांकडे वळली. "तुमीबी बसले होते. धाकट्या, तू तं बंडीतून पडला होता, हनुवटीले खोक पडली होती. हात लावून पाह्य."

आणि धाकट्यानं खरंच हनुवटीला हात लावला. भर कोर्टात! त्यांच्या वकिलांनी खाली मान घालून कागद चाळायला सुरुवात केली. मॅडमही गालात हसल्या. आजवर साक्षीपुराव्याचे ढीग पडले होते, त्यात एवढा सोपा पुरावा नव्हता. काका मात्र हसले नाहीत. रुमालानं डोळे पुसत राहिले, कारण त्यांच्या बापाचं नाव त्या कोर्टात इतक्या चांगल्या कारणासाठी पहिल्यांदाच निघालं होतं.

मोठा भाऊ थोडा वेळ अडला. त्याचं म्हणणं, तडजोडीवर आम्ही दोघं सही करतो, बहिणीची कशाला, ती काय रोज वावरात येते. तेव्हा त्याची माय, जी इतक्या वेळात एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "तिची झाल्याबिगर मी नाही करत." झालं. पुढच्या लोकअदालतीत कागद झाला. बंडी जाईल एवढी वाट मोकळी, तार काढायची, मधे फाटक नाही. खाली काकांची सही, मग वारसांच्या चार अंगठे-सह्या. चौथी सही तिची, सगळ्यांत मोठी, शेजारच्या रकान्यात गेलेली.

कापसाच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे वावरात दहीभात नेऊन सीतादही करतात. काकांनी त्या दिवशी बंडी जुंपली, काकूंना वर बसवलं, सुजलेला पाय उशीवर, आणि त्या वाटेनं गेले. मला हे काकांनीच ऑफिसात येऊन सांगितलं, इतक्या मोठ्यानं की खालून झेरॉक्सवाला वर आला. माहेरी आलेली तीही बंडीत बसली म्हणे. काकांनी तिला विचारलं, तिकीट? ती म्हणाली, बोकडाच्या खात्यात लिहा.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातलं लाल पेन पर्समध्ये टाकून घरी आणलं. बाबांची पत्रिका काढली, जेवायच्या टेबलावर ठेवली, आणि शोकाकुलच्या रांगेखाली माझं नाव लिहिलं. पुढे 'मुलगी'. बाजूला रीतीप्रमाणे 'दुरुस्ती केली', सही, तारीख.

आई वालाच्या शेंगा सोलत होती. "काय लिहून राह्यली?"

"बाबांचा एक वारस राहिला होता, तो आणला रेकॉर्डवर."

"आता? सहा वर्षं झाली की."

"हो. उशीर झाला. माफीचा अर्ज करावा लागेल."

आईनं हात पुसले, पत्रिका ओढून घेतली आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचली. पहिल्यांदाच वाचत असावी. वरून खाली गेली, परत वर आली. मग ती माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मंग माहं काहून सोडते? माहंबी लिही."

मी तिचं नाव लिहिलं. पेनातली शाई संपत आली होती, दोन वेळा गिरवावं लागलं.